गोळ्या किती चुकल्या यापेक्षा खंड किती पडला ते मोजा

पंचवटीत आमचं मेडिकल आहे, रात्री साडेनऊपर्यंत उघडं. नवाच्या सुमाराला गर्दी पातळ होते आणि तेव्हा काही बायका येतात. त्यांना विचारायचं एक असतं, मागतात दुसरंच. डोकेदुखीची गोळी घेतली, पैसे दिले, सुटे परत घेतले, तरी पाय निघत नाही. मागचा माणूस पायरी उतरला की आवाज खाली येतो, "ताई, एक विचारू का?"

एका शुक्रवारी अशाच दोघी आल्या, सख्ख्या जावा. (ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) धाकटीचे डोळे रडून सुजलेले. पर्समधून तिने माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं आणि त्यावर रुमाल टाकला. मी रुमाल बाजूला केला. पहिल्या ओळीतल्या सातही गोळ्या गेलेल्या, दुसऱ्या ओळीत तीन खड्डे रिकामे, चौथ्यात गोळी तशीच. म्हणजे अकरावी गोळी काल रात्री राहिली होती. बाळ दीड वर्षाचं, इतक्यात दुसरं नको, आणि आता दिवस राहिले तर काय, म्हणून दुपारपासून रडत होती.

मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, राहिलेली गोळी इथेच घे, आजची नेहमीच्या वेळेला घे. एका दिवसात दोन होतील, चालतं. बाकी काही नको.

"बाकी काहीच नको?" तिचा विश्वास बसेना.

मोठी तिला समजवायला आली होती. ती हसून म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते? मला बघ. माझी आजवर एक गोळी चुकली नाही. आता नवीन पाकीटच तेवढं उशिरा सुरू झालं. सोमवारी काढायचं होतं, पण मी माहेरी निफाडला होते आणि पाकीट इथे कपाटात. काल आले ते घेतली की लगेच."

आता माझ्या पोटात गोळा आला. दोघींतली जी रडत होती तिला धोका नव्हता, आणि जी हसत होती तिला होता.

हे उलटं वाटतं. पण ते एकदा नीट कळलं की गोळ्यांचे सगळे नियम पाठ न करताही लक्षात राहतात, म्हणून हा लेख.

माला-डी (दुकानात स्वस्तात मिळते) किंवा माला-एन (सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळते) या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. औषध फक्त पांढऱ्यांत असतं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरकं (हार्मोन्स). तपकिरी गोळीत लोह असतं, ज्याचा गर्भ राहण्या-न राहण्याशी काडीचाही संबंध नाही. रोज एक घ्यायची सवय मोडू नये आणि जाता जाता अंगात थोडं लोहही जावं, इतकाच तिचा हेतू. खाजगी कंपन्यांच्या काही पाकिटांत २१च गोळ्या असतात आणि मग सात दिवस सुट्टी. गोष्ट तीच. काहींत २४ औषधाच्या आणि ४ बिनऔषधाच्या असतात, तिथे सुट्टी चारच दिवसांची. आपलं पाकीट कोणतं आहे हे मागे लिहिलेलं असतं, तेवढं एकदा वाचून ठेवावं.

आता आत काय चालतं ते बघू. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती दर महिन्याला अंडाशयाला निरोप धाडते की बीज पिकव. गोळीतल्या संप्रेरकांमुळे हा निरोप निघतच नाही. बीज पिकत नाही, सुटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंना वर चढणं अवघड जातं. अंडाशय जणू झोपी जातं. पण ही झोप पहिल्याच गोळीने लागत नाही. तान्ह्या बाळाला पाळण्यात घातलं की सुरुवातीला झोके सलग द्यावे लागतात. ते गाढ झोपलं की एखादा झोका चुकला तरी चालतो, कूससुद्धा बदलत नाही. अंडाशयाचे हे सुरुवातीचे झोके सात. सात पांढऱ्या गोळ्या लागोपाठ गेल्या की झोप पक्की समजायची.

आणि मग दर महिन्याला आपण मुद्दाम सात दिवस पाळणा थांबवतो! तपकिरी गोळ्यांचा आठवडा म्हणजे तेच. त्या आठवड्यात औषध नसतं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळतं आणि पाळीसारखा रक्तस्राव होतो. ती खरी पाळी नसते, कारण बीज सुटलेलंच नसतं. १९६० मध्ये अमेरिकेत पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली, तेव्हापासून ही महिन्याची सुट्टी चालत आली आहे. दर महिन्याला पाळी आली की बाईला हायसं वाटतं आणि सगळं नेहमीसारखं चाललंय असं वाटतं, हे त्यामागचं मोठं कारण. शरीराला तिची गरज असते असं नाही.

त्या सात दिवसांत अंडाशय चुळबुळ करायला लागतं. काही जणींच्यात बीजाची पुटिका, म्हणजे बीज जिच्यात पिकतं ती बारीक पिशवी, थोडी वाढूही लागते. पण आठव्या दिवशी नवीन पाकिटाची पहिली पांढरी गोळी पोटात जाते, पाळणा पुन्हा हलतो आणि सगळं शांत होतं. हिशोब असा काठावरचा आहे. सात दिवस निभतात. त्यापुढचा प्रत्येक दिवस धोक्यातला.

हा हिशोब दोघी जावांना लावून बघा. धाकटीची दहा गोळ्यांनंतर एक चुकली. खंड एका दिवसाचा. पाकिटातच सात दिवसांची सुट्टी आहे, तर गाढ झोपेतल्या अंडाशयाला एका दिवसाने काय होणार? मोठीचे तपकिरीचे सात दिवस झाले, त्यावर सोमवार, मंगळवार, बुधवार. खंड दहा दिवसांचा. आणि तो नेमका अशा वेळी वाढला, जेव्हा अंडाशय आधीच जागं व्हायच्या बेतात होतं.

म्हणून पाकिटाचे दोन टोकाचे दिवस सगळ्यात नाजूक असतात, सुरुवातीचे आणि पांढऱ्या गोळ्यांतले शेवटचे. दोन्हीकडे चुकलेले दिवस सुट्टीला चिकटतात आणि सुट्टी लांबते. बायका मात्र मधली गोळी चुकली की घाबरतात आणि पाकीट दोन-तीन दिवस उशिरा काढलं तर त्याला चूक म्हणतच नाहीत. माझ्या काउंटरवर हे इतक्यांदा दिसलंय की आता मी पाकीट देताना पहिली गोळी कधी घ्यायची ते तारखेसकट सांगते.

प्रत्यक्ष करायचं काय ते सांगते. एक पांढरी गोळी राहिली, किंवा नवीन पाकीट एक दिवस उशिरा सुरू झालं, तर आठवेल त्या क्षणी ती घ्या आणि पुढची तिच्या वेळेला. संबंधांच्या बाबतीत वेगळी काळजी नको. नुसता काही तासांचा उशीर झाला असेल तर त्याला चुकणं म्हणायचंच नाही. सातपूर-अंबडला कंपनीत शिफ्ट बदलते म्हणून गोळीची वेळ पुढेमागे होते असं सांगणाऱ्या कितीतरी जणी आहेत. या गोळ्यांत तेवढं चालून जातं. (फक्त प्रोजेस्टोजेनच्या, स्तनदा मातांना देतात त्या गोळ्यांचं तसं नाही. त्यांना घड्याळ कडक लागतं. तुमची गोळी तशी असेल तर हे नियम लावू नका, डॉक्टरांना विचारा.)

दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या लागोपाठ राहिल्या तर सगळ्यात अलीकडची राहिलेली एक गोळी लगेच घ्या, त्याआधीच्या टाकून द्या आणि पुढच्या रोज एक चालू ठेवा. चार राहिल्या म्हणून चार एकदम गिळू नका. त्याने मळमळीशिवाय काही मिळत नाही. नंतर सात पांढऱ्या गोळ्या लागोपाठ जाईपर्यंत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. अंडाशयाला पुन्हा झोपवायचंय, आणि त्याला झोके सात लागतात. काही पुस्तिकांमध्ये ही सावधगिरी तीन गोळ्यांपासून सांगितलेली असते. मी दोनपासून धरायला सांगते. आठवडाभर निरोध जास्त वापरला म्हणून कुणाचं काही जात नाही.

या दोन किंवा जास्त गोळ्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पंधरावी ते एकविसावी यांच्यात राहिल्या, तर आणखी एक करायचं. राहिलेल्या पांढऱ्या संपवा, तपकिरी सरळ कचऱ्यात टाका आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन पाकिटाची पांढरी सुरू करा. सुट्टीच रद्द. त्या महिन्यात पाळी येणार नाही, आलीच तर थोडी डागाडागी. त्याने रक्त आत साचत नाही, गाठी होत नाहीत. अस्तरच पातळ राहिलेलं असतं, साचायला असतं काय?

तपकिरी गोळी चुकली तर? चुकू दे. फक्त ती टाकून द्या, नाहीतर पुढे मोजणीत गोंधळ होतो आणि नवीन पाकीट एक दिवस पुढे सरकतं. तिथे मात्र नुकसान आहे.

मोठीला मी पुढचा प्रश्न विचारला तो विचारावाच लागतो, कितीही अवघड वाटलं तरी. गेल्या चार-पाच दिवसांत संबंध आला का? ती जावेकडे बघायला लागली. जाऊ शहाणी, बाहेर जाऊन चपला बघत उभी राहिली. "मिस्टर घ्यायला आले होते बुधवारी," ती म्हणाली. "तिथेच राहिले रात्री."

शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज मात्र सुटल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं. म्हणजे बीज नंतर सुटलं तरी वाट बघणारे आधीपासून हजर असू शकतात. म्हणून पाच दिवस मागे जाऊन विचारायचं. बुधवार रात्र ते शुक्रवार रात्र म्हणजे ४८ तास. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, म्हणजे वेळ होती. या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, माला-डीत असतं तेच संप्रेरक, पण दहापट. ती बीज सुटणं पुढे ढकलते. जितकी लवकर घ्याल तितकी बरी, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये. तिला चिठ्ठी लागत नाही, आशाताईंकडेही मिळते. ती गर्भपाताची गोळी नाही. गर्भ रुजला असेल तर ती काहीही करू शकत नाही. आणि ती पुढच्या संबंधांनाही पुरत नाही, म्हणून नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोध. याहून खात्रीचा उपाय हवा असेल तर संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते, सरकारी रुग्णालयात मोफत. पण ऐन वेळी "तांबी बसवा" म्हणायला फार थोड्या जणी तयार होतात.

आता आकडे. काहीच साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षभरात साधारण ८५ जणींना दिवस राहतात. गोळ्या अगदी चोख घेणाऱ्या हजार बायकांत वर्षाला तिघींना. आणि आपण सगळ्या घेतो तशा, लग्नकार्यात विसरत, पाकीट संपल्यावर आणायला दोन दिवस लावत घेतल्या, तर शंभरात सातजणींना. हजारात तीन कुठे आणि शंभरात सात कुठे! गोळी दोघींची तीच. मधलं सगळं अंतर खंडाचं आहे.

खंड न पडताही गोळी वाया जाते अशा दोन-तीन वाटा आहेत. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती गेली नाही असं समजून दुसरी घ्या. जुलाब-उलट्या दोन दिवसांच्या वर चालल्या तर ते दिवस गोळी चुकल्यासारखे मोजा. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, यकृताला इतकं कामाला लावतात की गर्भनिरोधक गोळी वेळेआधीच शरीराबाहेर पडते. अशी औषधं चालू असतील तर दुसरं साधन विचारा. घसा दुखला म्हणून घेतलेल्या साध्या अँटिबायोटिकने मात्र काही होत नाही. ही भीती फार पसरली आहे आणि विनाकारण.

आणि आमच्याकडचा खास गोंधळ. महालक्ष्म्या आल्या, नवरात्रात गडावर जायचं ठरलं, घरात सत्यनारायण निघाला, की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग लागते. त्या असतात नॉरएथिस्टेरॉनच्या, पाच मिलिग्रॅमच्या. देवाच्या दारी पाळी चालते की नाही यावर मी बोलत नाही, माझं मत घरात सगळ्यांना माहीत आहे. पण एक सांगते, पाळी ढकलायची म्हणून काही दिवस घेतलेल्या या गोळ्या गर्भनिरोधक धरायच्या नाहीत. "गोळ्या चालूच होत्या की" म्हणत तीन आठवड्यांनी तपासणीची किट न्यायला आलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्या माला-डी घेतात त्यांना तर वेगळी गोळी लागतच नाही. तपकिरी सोडा, नवीन पाकीट लगेच सुरू करा, पाळी आपोआप पुढे जाते. सुट्टी कमी करायला हरकत नाही, रद्द करायलाही नाही. वाढवायची तेवढी नाही.

सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही गोळी वेगळ्या जातीची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, तिच्यात माला-डीसारखी संप्रेरकं नाहीत. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, नंतर आठवड्याला एक. इथे चूक वारांची होते. आठवली की लगेच घ्या. सात दिवसांच्या आत आठवली तर वेळापत्रक तसंच ठेवून पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवस उलटून गेले तर पहिल्यापासून, पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. छायावर काही जणींची पाळी मुळातच लांबते, म्हणून घाबरू नये, पण पंधरा दिवसांच्या वर लांबली तर तपासून घ्यावं.

तपासणीचं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी किट नेणाऱ्यांना मी परत पाठवते. दिवस राहिल्यावर तयार होणारं संप्रेरक लघवीत उतरायला वेळ लागतो. असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली चाचणी भरवशाची. सकाळच्या पहिल्या लघवीत करावी. आशाताईंकडची 'निश्चय' किट आणि दुकानातली महागडी, दोन्हींचं काम एकच. गोळ्या चुकलेल्या महिन्यात तपकिरीच्या आठवड्यात रक्तस्राव झालाच नाही, किंवा नावापुरताच झाला, तर चाचणी करा. दिवस राहिलेले असताना नकळत आठ-पंधरा दिवस माला-डी घेतली गेली, तरी बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. हे मी दोनदा सांगते, कारण त्या भीतीने रात्र रात्र न झोपलेल्या बायका येतात.

आणि नको असताना राहिलेच तर लपवत बसून दिवस घालवू नयेत. गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरणं हे कायद्याने गर्भपाताचं मान्य कारण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेलं असण्याची अट उरलेली नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्यांनीही होतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझ्यासारखीकडून काउंटरवर पुडीत बांधून न्यायची ती गोष्ट नाही, आणि मी देतही नाही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. शंभर वर्षं उलटून गेली आणि आमच्याकडे अजून निरोधाचं पाकीट काळ्या पिशवीत घालून मागतात. पिशवीचं मला काही नाही, देते. पण त्या पिशवीपायी प्रश्न आतच राहतो. विचारला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

मोठीने तातडीची गोळी काउंटरपाशीच घेतली, सात दिवसांचं निरोधाचं सांगितलं ते बोटांवर मोजून घेतलं. तीन आठवड्यांनी आली ती एकटीच. किट नेली, दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून रिक्षात जाताना मान नकारार्थी हलवून हसली. आता माला-डी न्यायला येते तेव्हा एकदम दोन पाकिटं घेते. एक कपाटात, एक माहेरी न्यायच्या पर्समध्ये.